पाचरीवरचा कागद

दाजींचा दिवस पहाटे पावणेचारला सुरू व्हायचा. गजर लागत नसे. उठायचे, गॅस पेटवायचे, चहा करायचे, अर्धा स्वतः प्यायचे आणि अर्धा ताईच्या उशाशी बशीने झाकून ठेवायचे. ती साडेपाचला उठे तोवर चहा थंडगार झालेला असे. एकतीस वर्षं तिने तो तसाच प्यायला. गरम करून घेत जा, असं मी एकदा म्हणालो. "मग त्यांनी कशाला केला?" म्हणाली.

ताई माझी सख्खी थोरली बहीण. दाजी तिचे यजमान. त्यांना मूलबाळ नव्हतं. दाजी ज्या कारखान्यात हेड फिटर होते तिथेच मी फिटर म्हणून लागलो आणि बावीस वर्षं त्यांच्या हाताखाली काढली. मेहुणा म्हणून त्यांनी मला कधी सूट दिली नाही. उलट इतरांना एकदा बोलत तिथे मला दोनदा बोलायचे.

आमचा कारखाना मोठी यंत्रं बांधायचा. तयार मिळणारी नव्हेत. गिऱ्हाईक सांगायचं, एवढा लांब आणि एवढा जाड शाफ्ट लेथवर कातायचाय, आणि त्या मापाचा लेथ आम्ही उभा करायचा. आधी आमच्या शेडमध्ये जोडायचा, मग सुटा करून गिऱ्हाइकाच्या शेडमध्ये नेऊन पुन्हा जोडायचा. मोठ्या लेथचा बेड, म्हणजे सगळं यंत्र ज्याच्यावर उभं राहतं तो ओतीव बिडाचा पाया, दहा-पंधरा मीटर लांब असतो. तो एका रेषेत आणि एका पातळीत बसवणं हे दाजींचं काम. बाकी सगळं त्याच्यानंतर.

पहाटे उठण्याचं कारणही तेच. लोखंड उन्हाने वाढतं हे सगळ्यांनाच माहीत असतं. पण शेडच्या पूर्वेच्या काचांतून सात वाजता ऊन आत आलं की बेडचं एकच अंग तापतं, आणि चौदा मीटरचं बीड हळूच वाकतं. डोळ्याला दिसत नाही. लेव्हलच्या काचेतला बुडबुडा मात्र सरकतो. म्हणून मापं घ्यायची ती साडेचार ते सात. त्यानंतर घेतलेलं माप दाजी वहीत लिहीतच नसत. कोणी लिहिलेलं दिसलं तर खोडून टाकत आणि विचारत, "हे बेडचं माप आहे की उन्हाचं?"

रात्री आठला ते झोपायचे. त्यामुळे त्यांनी ताईबरोबर कधी नाटक पाहिलं नाही, कोणाकडे जेवायला गेले नाहीत. "माझा नवरा कोंबड्यांबरोबर झोपतो आणि कोंबड्यांच्या आधी उठतो," असं ती शेजारणींना सांगायची.

कारखान्यात त्यांना कागदवाले म्हणत. बेड सरळ जमिनीवर ठेवत नाहीत. तो पोलादी पाचरींवर बसतो. पाचर म्हणजे उताराचे दोन तुकडे एकावर एक. स्क्रू फिरवला की तिची उंची कमी-जास्त होते. बेड आणि पाचर यांच्यामध्ये दाजी सिगारेट वळायच्या कागदाची पट्टी सरकवून ठेवायचे. बोल्ट आवळून झाले की ती ओढून बघायची. फाटली पण निघाली नाही, तर बेड तिथे टेकला आहे. सुळकन निघाली, तर बेड तिथे अधांतरी आहे, आणि अधांतरी लोखंड आज ना उद्या खाली बसणार. स्वतः ते आयुष्यात कधी सिगारेट ओढले नाहीत. कोपऱ्यावरचा दुकानदार विचारायचा, "नुसते कागद नेता, तंबाखू कुणाची चोरता?"

हे सगळं सांगायचं कारण एक लेथ. चौदा मीटरचा, तीन तुकड्यांचा बेड, अठरा पाया-बोल्ट. गाव ओलांडून पलीकडच्या टोकाला गिऱ्हाइकाचा कारखाना होता, तिथे तो बसवायचा होता. दाजी तेव्हा पंचावन्न वर्षांचे होते.

त्याच सुमाराला ताईचा खुबा निकामी झाला होता. डावा. दोन वर्षं ती तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरली नव्हती. चौपन्न पायऱ्या. जुना जिना, एका बाजूला डुगडुगता लाकडी कठडा, दुसऱ्या बाजूला नुसती भिंत. घरी बसून ती शर्टांच्या कॉलर शिवायची. शर्टांच्या कारखान्याचा माणूस गठ्ठे वर आणून टाकायचा आणि शिवलेले घेऊन जायचा. भाजीसाठी मागच्या खिडकीतून दोरीने टोपली सोडायची. खिडकी मागच्या अंगणात उघडायची. तिथे पाण्याची टाकी, दोन दोऱ्या आणि भिंत. रस्ता दिसत नसे. "टोपलीचं नशीब बघ," ती म्हणायची, "दिवसातून दोनदा खाली जाऊन येते."

खुबा बदलायचं ऑपरेशन मोठ्या दवाखान्यात होणार होतं. आठ महिने थांबल्यावर तारीख मिळाली होती. सोमवार. ऑपरेशननंतर तीन आठवडे घरातलं कोणीतरी सतत जवळ हवं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यासाठी दाजी कित्येक वर्षं पगारातून पैसे बाजूला टाकत होते. ताईने एक जोडी बूटही आणवून ठेवली होती. सपाट टाचेचे, तपकिरी. डब्यातून काढून बघायची आणि परत ठेवायची.

आता गोष्ट अशी की पाया-बोल्टांचे खड्डे काँक्रीटने भरल्यावर अठ्ठावीस दिवस बोल्टांना पूर्ण ताण द्यायचा नसतो. काँक्रीट वरून दगडासारखं वाटलं तरी आतून कच्चं असतं. दाजींनी हा नियम कधी मोडला नव्हता. साहेब लोक गयावया करायचे, गिऱ्हाईक आरडाओरडा करायचं, दाजी बाकावर बसून डबा खायचे. "अठ्ठावीस म्हणजे अठ्ठावीस."

ताईचा सोमवार येत होता सव्विसाव्या दिवशी.

अठ्ठाविसाव्या दिवशी बोल्ट आवळायचे, मग चार पहाटा लेव्हल करायची, मग गिऱ्हाइकाच्या इंजिनिअरने मापं तपासून सही करायची. म्हणजे आणखी आठवडा. तोवर दाजी तिथे हवेत. आणि दवाखाना थांबणार नव्हता.

मी एकोणिसाव्या दिवशी बोललो. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नाही, पण आता लिहितोय तर लिहितो.

"दाजी, एकोणीस झाले. आज आवळले तर शुक्रवारी सही होते. सोमवारी तुम्ही मोकळे."

दाजी काँक्रीटवर पाणी मारत होते.

"मी हातोडी मारून बघितली," मी म्हणालो. "खणखणीत आवाज येतोय."

"आवाज तर रिकाम्या पिंपाचाही खणखणीत येतो."

"ताई डब्यातून बूट काढून बसलीय."

पाण्याचा पाइप त्यांनी खाली ठेवला. हातोडी घेतली. पहिल्या खड्ड्यावर मारली, नवव्यावर मारली, अठराव्यावर मारली. तिन्ही वेळा कान खाली नेऊन ऐकलं. मग माझ्याकडे न बघता पान्ह्यासाठी हात पुढे केला.

तो पान्हा सव्वा मीटर लांब. एक बोल्ट तीन फेऱ्यांत आवळायचा, एकदम नाही. मधल्यापासून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे जायचं. अठरा बोल्ट, चौपन्न फेऱ्या, दोन माणसं. संध्याकाळी माझे दंड वर होत नव्हते. दाजींचेही होत नसणार, पण त्यांनी टोपी स्वतःच घातली.

चार पहाटा लेव्हल केली. बुडबुडा जिथे हवा तिथे उभा राहिला. शुक्रवारी गिऱ्हाइकाच्या इंजिनिअरने मापं बघितली, सही केली, दाजींशी हात मिळवला. आमच्या मॅनेजर साहेबांनी सगळ्यांना चहा पाजला. ताईची पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती. दोन पातळं, कंगवा, बूट.

शनिवारी दाजींना तिथे जायचं काही कारण नव्हतं. गेले. सवय. मीही गेलो, कारण हत्यारं आणायची होती.

साडेचार वाजले होते. शेडमध्ये आमच्या दोघांच्या बॅटऱ्यांचाच उजेड. दाजी पाचरीपाशी उकिडवे बसून एकेक कागद ओढत निघाले. पहिला तुकडा. कागद फाटत होते, निघत नव्हते. दुसरा तुकडा, तसंच. तिसऱ्या तुकड्याशी गेले, आणि मला त्यांची चाहूल येईनाशी झाली.

"इकडे ये," म्हणाले.

त्यांच्या तळहातावर कागदाची अख्खी पट्टी होती. कुठे फाटलेली नाही, चुरगळलेली नाही. मग त्यांनी पुढच्या पाचरीवरची ओढली. तीही आली. सुळकन.

लेव्हल ठेवली. बुडबुडा सरकलेला. चाळीस मायक्रॉन. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, म्हणजे अर्ध्या केसाहून थोडं जास्त. त्या टोकाचे सहा खड्डे आम्ही सगळ्यांत शेवटी, संध्याकाळी भरले होते. माल पातळ पडला होता. बोल्टांनी आतून काँक्रीट चिरडलं होतं आणि बेड त्या अंगाला पीळ खाऊन बसत चालला होता. आज चाळीस. महिन्याने किती, सांगता येत नव्हतं.

"दाजी," मी म्हणालो, "मी म्हणालो होतो तुम्हाला..."

"पान्हा कुणाच्या हातात होता?"

पुढे त्यांनी तो विषय मला कधी काढू दिला नाही. साहेबांसमोरही नाही.

साहेब आठ वाजता आले. वाईट माणूस नव्हते. कागद बघितले, लेव्हल बघितली, बेडला टेकून उभे राहिले.

"कागदवाले, सही झालीय."

"माझी पण झालीय खाली."

"वर्षभर कुणाला कळणार नाही."

"मला कळलंय."

"अहो, पण सोमवारी तुमच्या घरी..." साहेब थांबले. "असं करा. तुम्ही ऑपरेशन करून या. महिन्याने बघू. तोवर चालू दे."

"चालू दिलं की पीळ कायमचा बसतो. मग बेड रंधून काढावा लागेल. नाहीतर शाफ्ट एका टोकाला जाड निघणार, आणि ज्याच्या गिरणीत तो बसेल त्याचे बेअरिंग जळत राहणार. त्याला कळणारही नाही कशाने जळतात."

साहेबांनी रुमालाने मान पुसली. "तुम्हाला काय हवंय?"

"सहा खड्डे फोडायचे. बेड जॅकवर धरायचा. पाच दिवस."

पाच दिवस म्हणजे बुधवार.

बाहेर आल्यावर मी त्यांना गाठलं. "दाजी, तुम्ही सोमवारी जा. खड्डे मी फोडतो. तुम्ही शिकवलंय तसंच फोडीन."

"फोडशील. चांगलं फोडशील."

"मग?"

"बेड जॅकवर लटकलेला असताना मी दवाखान्यात बसून काय करू? तिचा हात धरून बेडचा विचार करू?"

हे त्यांचं बोलणं मला तेव्हाही पटलं नव्हतं. आजही पटत नाही. एवढं नेमकं काम करणारा माणूस, पण दुसऱ्याच्या हातावर विश्वास ठेवायची वेळ आली की त्याचं माप चुकायचं. इतका हट्ट कामासाठी लागत नाही. तो स्वतःसाठी असतो.

दुपारी आम्ही दोघे घरी गेलो. पिशवी दाराशीच होती. दाजींनी ती ओलांडली आणि मोरीपाशी हात धुवायला लागले. दोनदा साबण लावला. ताई मशीनवर कॉलर शिवत होती. तिने पायडल थांबवलं.

"काय झालं?"

"बेड बसला."

"बसला म्हणजे चांगलं की वाईट?"

"खाली बसला. वाईट."

तिने सुईखालचा कपडा सोडवला, दोरा तोडला. "किती दिवस?"

"बुधवारपर्यंत."

"ताई, मी येतो तुझ्याबरोबर सोमवारी," मी म्हणालो. "हे दुसरा कुणी माणूस घेतील."

"तू गप रे. तीन आठवडे तू मला न्हाणीघरात नेणार का?" ती दाजींकडे बघत होती. "भुलीतून उठल्यावर मला भावाचं तोंड नको बघायला. ज्यांचं बघायचं त्यांचं बघीन."

दाजी हात पुसत राहिले. "तारीख परत मिळेल. महिन्याभरात मिळेल. मी स्वतः जाऊन बसतो तिथे."

"तुम्ही विचारताय की सांगताय?"

त्यांनी पंचा खुंटीला अडकवला.

"जा," ती म्हणाली. "नाही गेलात तर माझ्या उशाशी बसून त्या लोखंडाची काळजी कराल. मला तसला सोबती नको." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "ती पिशवी दारातून उचल. कुणीतरी अडखळेल."

सोमवारी सकाळी तासभर सुट्टी घेऊन मीच दवाखान्यात सांगायला गेलो. खिडकीतल्या बाईंनी वही उघडली, ताईच्या नावावर रेघ मारली.

"कारण काय लिहू?"

"घरी अडचण आहे."

"सगळ्यांच्याच घरी असते," त्या म्हणाल्या आणि पान उलटलं. नवी तारीख अकरा महिन्यांनंतरची होती.

खड्डे आम्ही छिन्नी-हातोडीने फोडले. मशीनने फोडले असते तर हादरे बसून बाकीचा बेड हलला असता. एका खड्ड्याला अर्ध्या दिवसाहून जास्त. आडवं पडून, बेडखाली हात घालून. दाजी तासातासाने लेव्हल बघत. डोळ्यांत धूळ, कोपरं सोललेली. बुधवारी संध्याकाळी नवं काँक्रीट भरलं. या वेळी प्रत्येक पाटी त्यांनी स्वतः तपासली.

आणि मग अठ्ठावीस दिवस काहीच करायचं नव्हतं.

साहेबांनी त्यांना रजा दिली. पहाटे जाऊन काँक्रीटवर पाणी मारायचे आणि साडेआठला घरी यायचे. उरलेला दिवस खुर्चीवर. जे तीन आठवडे ताईजवळ बसायचं होतं तेवढे ते बसलेच, फक्त ऑपरेशन झालेलं नव्हतं. मी अधूनमधून जायचो. दोघं एका खोलीत असायची आणि मशीनचा आवाज सोडला तर काही ऐकू यायचं नाही. एकदा त्यांनी शिलाई मशीनचं टेबल डुगडुगतंय म्हणून ते रिकामं करवलं, चारी पायांखाली कागद ठेवून एक पाय घासला आणि टेबल बसवलं. ताईने हात लावून बघितलं. हललं नाही.

"आता यालाही अठ्ठावीस दिवस हात लावायचा नाही का?" ती म्हणाली.

मला हसू आलं होतं, पण दाजींचा चेहरा बघून मी खिडकीकडे वळलो.

अठ्ठाविसाव्या दिवशी आम्ही बोल्ट आवळले. चार पहाटा लेव्हल केली. त्यानंतर दाजी रोज एक याप्रमाणे आठवडाभर कागद ओढायला गेले. एकही निघाला नाही.

अकरा महिन्यांनी ताईला खुर्चीत बसवून चौघांनी खाली उतरवलं आणि दवाखान्यात नेलं. तपासण्या झाल्या. मधल्या काळात तिला धाप लागायला लागली होती, ती आम्ही बसून बसून लागते असं समजत होतो. डॉक्टर तरुण होते, स्पष्ट बोलले. हृदयाला भूल सोसणार नाही. वर्षापूर्वी कदाचित सोसली असती. खुब्यासाठी जिवाशी खेळायचं नाही.

"वर्षापूर्वी" हा शब्द ते सहज बोलून गेले. दाजी भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत होते.  त्याच खुर्चीत बसवून तिला परत वर नेलं. बूट तिने पायातून काढले, त्यांचे तळ फडक्याने पुसले आणि डब्यात ठेवले.

पुढची चार वर्षं सांगण्यासारखी नाहीत. दाजी पावणेचारला उठत राहिले. चहा झाकून ठेवत राहिले. ऑपरेशनचे पैसे बँकेत तसेच होते. त्यांचा विषय कुणी काढायचा नाही.

त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या महिन्यात निरोप आला की गावापलीकडचा तो कारखाना बंद झाला. यंत्रं भंगारात काढली होती. आमचा लेथ सुटा करून द्यायला आमचीच माणसं मागितली होती. साहेब म्हणाले, "कागदवाले, तुम्ही नका जाऊ. दुसऱ्या कुणाला पाठवतो."

"मी बसवलाय. मीच काढतो."

शेडमध्ये कबुतरं झाली होती. काचा फुटलेल्या. बेडवर गंज नव्हता, कुणीतरी शेवटपर्यंत तेल लावत होतं. भंगारवाल्याची माणसं कटर घेऊन बाजूला बसली होती. त्यांना घाई होती. दाजी म्हणाले, पाच मिनिटं द्या. गुडघे धरून खाली बसले आणि तिसऱ्या तुकड्याखालचे कागद ओढले. सहाही फाटले. काळे पडले होते, तेल प्यायले होते, पण बाहेर आले नाहीत. बुडबुडा मध्यावर उभा होता.

मग त्या माणसांनी बेडचे कापून तुकडे केले. दोन दिवस लागले. दाजींनी एका कागदाचं फाटकं टोक खिशात घातलं.

घरी जाऊन त्यांनी ते ताईपुढे टेबलावर ठेवलं. मी होतो तिथे.

"हे काय?"

"त्या लेथचं. पाच वर्षं हलला नाही."

तिने ते टोक बोटाने जरा सरकवलं. उडून जाऊ नये म्हणून वर कात्री ठेवली. कितीतरी वेळ कॉलरची घडी घालत राहिली.

"छान झालं," म्हणाली. मग म्हणाली, "मला रस्ता बघायचाय हो. खाली नाही गेले तरी चालेल. नुसता बघायचाय."

दुसऱ्या दिवशी पहाटे दाजी जिन्यात टेप घेऊन बसले होते. मी सकाळी गेलो तेव्हा त्यांच्याकडे चौपन्न पायऱ्यांची मापं लिहून तयार होती. कोणत्याही दोन पायऱ्या सारख्या उंचीच्या नव्हत्या. सर्वांत कमी साडेपंधरा सेंटीमीटर, सर्वांत जास्त एकोणीस. "हा जिना बांधणारा दारू पीत असणार," म्हणाले. बऱ्याच वर्षांनी ते असं काही बोलले होते.

जिना प्रत्येक मजल्याला मध्ये वळतो. नऊ पायऱ्या, चौकोन, पुन्हा नऊ. ताईच्या मजल्याखालच्या पहिल्या चौकोनाला खिडकी आहे आणि ती रस्त्यावर उघडते. त्यांनी ठरवलं, दोन्ही बाजूंनी लोखंडी पाइपचा कठडा, वरपासून खालपर्यंत. प्रत्येक चौकोनात आणि प्रत्येक मजल्यावर भिंतीला घडीची बैठक. घरमालक म्हणाला, "लावा, पण भिंतीला भोकं पडतील ती तुमच्या डोक्यावर." दाजी म्हणाले, "डोक्यावर नको, भिंतीवरच राहू द्या."

पैसे त्यांनी बँकेतून काढले. ऑपरेशनचे.

पाइप निवडायला तीन जाडीचे तुकडे आणले. ताईने डोळे मिटून एकेक धरला. शिवण करून करून तिची बोटं आखडली होती, जाड पाइपवर ती मिटत नव्हती. मधला निवडला. तिला उभं करून मनगटाची उंची मोजली, एकदा सकाळी, एकदा संध्याकाळी दमल्यावर, आणि संध्याकाळची धरली. पायऱ्या वेड्यावाकड्या होत्या म्हणून पाइप पायऱ्यांना समांतर लावून चालणार नव्हतं. तो तिच्या हाताला समांतर हवा होता. वेल्डिंग कोपऱ्यावरच्या माणसाने केलं, बाकी आम्ही दोघांनी. मी रविवारी, ते रोज. प्रत्येक जोड घासून असा केला की तळहात फिरवला तर कळू नये. चाळीस दिवस लागले. मी म्हणालो, इतकं घासायची गरज नाही. ते म्हणाले, "तू बोट फिरवून बघ आणि मग सांग." मी फिरवलं आणि कानस पुन्हा उचलली.

पहिल्या दिवशी ताईने तपकिरी बूट घातले. दुपारचे चार वाजले होते. उजव्या हाताने एक पाइप, डाव्याने दुसरा. दाजी तिच्यापुढे उलटे, एक पायरी खाली. मी मागे. नऊ पायऱ्यांना अकरा मिनिटं लागली. बैठक उघडून ती बसली, धाप कमी होईपर्यंत डोळे मिटून होती. मग खिडकीतून खाली बघितलं.

"चपलांचं दुकान कुठे गेलं?"

"बंद झालं," मी म्हणालो. "चार वर्षं झाली."

"मला कुणी सांगितलं नाही."

दाजी तिच्या शेजारी भिंतीला टेकून उभे होते. तिने कोपऱ्यावरच्या माणसांकडे, सायकलींकडे, समोरच्या गच्चीवरच्या कपड्यांकडे बघून घेतलं. "गर्दी वाढलीय," म्हणाली. अर्धा तास बसली. वर जायला पंचवीस मिनिटं लागली.

पुढे जवळजवळ दोन वर्षं, रोज चारला, हेच. एकदा तिने पुढच्या नऊ उतरायचं मनावर घेतलं. चौथ्या पायरीवर ओठ निळे पडले. परत फिरलो. नंतर तिने तो हट्ट केला नाही. दाजी खालच्या पाइपवरची धूळ मात्र दर आठवड्याला पुसायचे, अगदी तळापर्यंत.

शेवटी ती सगळ्या चौपन्न पायऱ्या उतरली ती स्ट्रेचरवरून, आणि परत आली नाही. उचलणारी माणसं दोन्हीकडच्या कठड्यामुळे वळणावर अडली. स्ट्रेचर तिरपं करावं लागलं. दाजी खालून सांगत होते, "डावीकडे दोन बोटं. अजून एक. आता सरळ."

आता तो कठडा दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका वापरतात. थंडीत पाइप गार लागतो म्हणून तक्रार करतात. दाजींनी त्यांना त्यांच्या मजल्यापासून खालपर्यंत जुन्या कॉलरींचं कापड गुंडाळून दिलं.

बेचाळीस मीटर पाइप, छप्पन्न ब्रॅकेट, पाच बैठका, वेल्डरची मजुरी. पहाटे पावणेचारला उठून मिळवलेल्या पगारातून जे वाचलं होतं ते एवढ्यात संपलं. त्यातला सहा मीटर पाइप आणि एक बैठक ताईच्या कामाला आली.